धानाच्या रंगाची गाडी

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने निघाले की नागपुराला डबा अर्धा रिकामा होतो. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात, आणि तांदळाच्या गिरण्या दिसू लागल्या की समजावे, गोंदिया आले. गेल्या डिसेंबरात मी उतरलो, तो मात्र नव्या तांदळासाठी नव्हे. काकांनी फोनवर एवढेच सांगितले होते, “सोळा तारखेला ये. गाडी तयार झाली.”

ही गाडी म्हणजे जोंगा. नाव ऐकून हसू नका. निस्सानच्या जपानी नमुन्यावरून आपल्या सैन्यासाठी ती जबलपूरला तयार होई, आणि तिथल्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातली अक्षरे जुळवून तिचे बारसे झाले. सहा सिलिंडरांचे, चार लिटरचे पेट्रोल इंजिन. तहान लागली की आवरत नाही! सैन्याने निवृत्त केलेल्या अशा गाड्या पुढे लिलावात निघाल्या. त्यांतली एक, गंजून चाळण झालेली, माझ्या चुलतभावाने उचलली. वडील १९७१ च्या युद्धात होते. त्यांच्या सेवेची खूण दारात असावी, एवढीच त्याची हौस.

पण काका पहिल्याच दिवशी म्हणाले, “मी कुठं जोंगा चालवली? मी तर शक्तिमानवाला.”

शक्तिमान ट्रकही जबलपूरचाच. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने तो १९५९ पासून तिथे होऊ लागला. पण एवढे धूड अंगणात मावणार कसे? शेवटी काकांनीच तोड काढली. “राहू दे. एकाच गावच्या बहिणी आहेत दोघी.”

आमच्या गोंदियाला जबलपूर तसे परके नाही. सातपुड्यातून धावणाऱ्या छोट्या गाडीने दोन्ही गावे कित्येक पिढ्या जोडून ठेवली होती; आता तिथे ब्रॉडगेज आहे. मुलगा त्या बाजूला जाऊन मोडीतून सुटे भाग शोधी, आणि काका खाटेवर बसून प्रत्येक भाग हातात घेऊन पारखीत. दोन पावसाळे असे गेले.

मग रंगाचा दिवस आला. मुलाने हौसेने फौजी हिरव्या रंगाचे डबे आणले. नंबराच्या पाटीवर वर तोंड केलेला बाणही काढायचा त्याचा बेत होता. काकांचा चेहरा उतरला.

“काहून आणला हा रंग?”

“बाबा, तुमच्या मानासाठीच ना!”

“तो रंग आपला नाही, बाबू. ज्याची नोकरी चालू आहे, त्याचा तो.”

कायदाही काकांच्या बाजूने होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हा ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणी लावायचा नाही. डबे परत गेले. गाडीला पिकल्या धानाचा पिवळसर रंग चढला. मुलगा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

१६ डिसेंबर हा विजय दिवस. १९७१ साली याच दिवशी ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती लिहून दिली. सकाळी काकांनी स्वतः चाक हाती घेतले. शेजारच्या जागेवर मी बसू लागलो, तर म्हणाले, “तू मागं बस.” ती जागा रिकामीच राहिली.

आम्ही बिरसीच्या विमानतळाकडे निघालो. ही धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केली. आता तिथे नवशिके वैमानिक तयार होतात. कुंपणाबाहेर गाडी थांबली. डोक्यावर एक छोटे विमान घिरट्या घालीत होते. काका ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मग बोलू लागले.

१९७१ च्या पावसाळ्यात ते धर्मनगरच्या रेल्वेपासून आगरतळ्याकडे रसद नेत. रात्रंदिवस फेऱ्या, चिखलाचे डोंगरी वळण. एका पहाटे त्यांचा जोडीदार ड्रायव्हर चाकाखाली दगड लावायला उतरला, आणि वरून दरड आली. युद्ध सुरू व्हायला तेव्हा काही महिने होते. “लढाईत गेला असता तर लोकांनी नाव तरी विचारलं असतं,” काका म्हणाले, आणि त्याचे नाव त्यांनी घेतले. आमच्या घरात ते आजवर कुणी ऐकले नव्हते. मुलाने मान खाली घातली. सत्कार करायला निघालेल्या त्याला, कुणाचा करायचा ते तेव्हा कळले.

परतताना काकांनी त्यालाच शेजारच्या जागेवर बसवले. अंगणात गाडी लागताच तो फडके घेऊन पुसायला धावला.

“ते राहू दे,” काका म्हणाले, “आधी तेल बघ. गाडी पुसून ठेवण्यासाठी नसते, चालवण्यासाठी असते.”