हिमनदीच्या उंबऱ्यावरून

साताऱ्यात नववीला भूगोल शिकवताना मी फळ्यावर कितीदा तरी हिमनदी काढली. ‘अतिशय संथ सरकते,’ असं मुलांना सांगायचे. प्रत्यक्ष पाहिली ती यंदा, आईबाबा इकडे आल्यावर, दक्षिण बेटावरच्या फ्रान्झ जोसेफला. माओरी लोक तिला हिने हुकातेरेचे अश्रू म्हणतात. प्रियकर हिमकड्याखाली गेला आणि तिचे अश्रू गोठले, अशी कथा.

2012 पर्यंत दरीतून चालत बर्फावर जाता येई. आता बर्फ इतका मागे गेलाय की हेलिकॉप्टरच लागतं. बाबा म्हणाले, “वितळणारा बर्फ बघायला आणखी इंधन जाळायचं?” मग आम्ही लांबूनच पाहिली.

पॅरिस करारानंतर, 2019 मध्ये, न्यूझीलंडने कायदा केला: 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन. पण गुरांच्या मिथेनला त्यात वेगळं, सौम्य लक्ष्य! देशाचं जवळजवळ निम्मं उत्सर्जन शेती-पशुपालनातलं, आणि दूध ही इथली मोठी निर्यात.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गायीच गायी. मिथेन मुख्यतः त्यांच्या ढेकरांतून येतो, हे मी आईला सांगितलं. थर्मासमधला दुधाळ चहा ओतता ओतता ती थांबली.

“अगं, मग ढेकर देऊ नका म्हणायचं का त्यांना?”