पहिल्या बाकाचे उत्तर

“समजले का?” म्हणताच पहिल्या बाकावरचा पोरगा “हो, गुरुजी!” म्हणतो आणि मास्तर समाधान पावतात. मागचे बाक गप्पच असतात. आमच्या हिंगोलीच्या शाळेत याची किंमत फार तर दोन-चार गुण. आकाशात ती फार मोठी.

१२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमाने आदळली. ३४९ माणसे गेली. दिल्लीच्या नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांवर, समोरच्या कझाक विमानाला १५ हजारांवर राहायला सांगितले होते. कझाक विमान खाली उतरले. त्यात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओवाला एक, विमान हाकणारे दुसरे. अपुरे इंग्रजी हेही चौकशीत एक कारण निघाले. एकाच्या कानी पडलेला आकडा दुसऱ्याच्या हाती नीट पोचला नसावा.

वाचकहो, दिवाळीत घर भरलेले असते. “हो” म्हणणाऱ्याचे ऐकावेच; पण गप्प बसलेल्यालाही एकदा विचारावे.