आतले माप

द्वितीय वर्ष, कला

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा पाऊस, आई, एस.टी. स्टँड असे सगळे चांगले विषय मैत्रिणींनी भराभर वाटून घेतले. माझ्यापाशी उरले जीपचे चाक! घोटी-शेंडी रस्त्यावर आमच्या आबांचे टायरचे दुकान आहे. आबा सातवी शिकलेले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दुपारी कॉलेजहून आले की मी दुकानातली वही सांभाळते. नवे गिऱ्हाईक मला चहा आणायला सांगते, जुने गिऱ्हाईक हिशेब विचारते.

जीपला मोठे टायर लावायची हौस अलीकडे आमच्या भागात फार वाढली आहे. येणारा माणूस टायरची उंची विचारतो, नक्षी विचारतो, किंमत तर विचारतोच. डिस्क मात्र 'त्याला बसेल ती द्या' म्हणून मोकळा होतो. वास्तविक सगळी गोम डिस्कमध्ये असते.

डिस्कचा मधला पत्रा, ज्याला नटांची भोके असतात आणि जो हबला टेकतो, त्याला आबा 'बैठक' म्हणतात. ही बैठक रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. बैठक बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या कडेकडे सरकलेली असेल तर चाक गाडीखाली आत जाते. तो अधिक ऑफसेट. उलट असेल तर चाक बाहेर येते, तो उणे. हे माप मिलिमीटरमध्ये सांगतात. बॅकस्पेसिंग म्हणजे बैठकीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर, आणि ते इंचात. आबांना हे दोन्ही शब्द ठाऊक नव्हते. 'आत बसलेली डिस्क' आणि 'बाहेर काढलेली डिस्क' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी आजवर काम केले, आणि मला विचाराल तर हे शब्द अधिक बरे आहेत.

माप घेणे सोपे असते. टायर उतरवून डिस्क पालथी, म्हणजे दर्शनी बाजू जमिनीला, ठेवायची. वर आलेल्या आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून बैठकीपर्यंत टेप सोडायचा. टायर चढवलेला असताना हे करू नये, कारण टायरचा फुगवटा पट्टी उचलून धरतो आणि माप खोटे येते. आणखी एक मेख आहे. आठ इंची डिस्क म्हणजे टायर जिथे बसतो तिथली रुंदी आठ इंच. कडेपासून कडेपर्यंत ती नऊच्या आसपास भरते. म्हणून मध्य चारवर न धरता साडेचारवर धरायचा.

यंदा मे महिन्यात माझा आतेभाऊ आपली जुनी जीप घेऊन आला. तो कसारा स्टेशनावरून पर्यटकांना साम्रदला, सांदण दरीकडे नेतो. मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहायला मुंबई-पुण्याची माणसे लोटतात. त्याआधी त्याला ३१ इंच उंच आणि साडेदहा इंच रुंद टायर हवे होते. नाशिकच्या एका दुकानात त्याने आठ इंची डिस्क पाहून ठेवली होती, बॅकस्पेसिंग तीन इंच. "मामा, दुकानवाला म्हणतो बिनधास्त बसेल," दादा म्हणाला.

"बसंल रे. बसल्यावर काय व्हईल ते बघू. पोरी, लिही," आबा म्हणाले. मला त्यांनी हिशेबाखेरीज काही लिहायला सांगितले, ते बहुधा पहिल्यांदाच.

जीपवर ६.००-१६ चे जुने अरुंद टायर होते. त्यांच्या साडेचार इंची डिस्कचे बॅकस्पेसिंग सव्वातीन इंच भरले. म्हणजे टायर बैठकीच्या आत साडेतीन इंच आणि बाहेर अडीच इंच. स्टेअरिंग पूर्ण वळवून पाहिले, तर टायर आणि पाटे यांच्यामध्ये दीड इंच जागा. आता नवा टायर. शून्य ऑफसेटची, म्हणजे साडेचार इंच बॅकस्पेसिंगची डिस्क घेतली तर तो आत सव्वापाच इंच जाणार. जुन्यापेक्षा पावणेदोन इंच जास्त, म्हणजे पाट्यांना घासणारच. दादाने पाहिलेली तीन इंचवाली घेतली तर आत पावणेचार, तिथे काही अडचण नाही. पण बाहेर पावणेसात! चाकाचा मध्य जुन्या जागेपासून दोन इंच बाहेर सरकत होता. पावणेचार इंच बॅकस्पेसिंगची मिळाली असती तर आत चार सूत जागा उरत होती आणि मध्य सव्वा इंचच सरकत होता.

"सहा सुतांचा तर फरक आहे. उलट चाकं फाकली की गाडी घाटात घट्ट उभी राहते," दादा म्हणाला. ते काही अगदी खोटे नव्हते. रुंद पायावर गाडी स्थिर राहतेच.

आबांनी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून त्याच्या हातात दिली. "अंगाशी धर. आता हात लांब कर." दादाने दोन्ही करून पाहिले. चाक जितके बाहेर, तितका हबमधल्या बेअरिंगांवर आणि किंगपिनवर ताण. दगडाला टायर लागला की स्टेअरिंग हाताला तितका मोठा झटका देणार. त्यात उंच टायरने ब्रेकचा जोर कमी पडतो, आणि मीटर साठ दाखवील तेव्हा गाडी पासष्टच्या आसपास असेल. मी कलम ५२ ची आठवण काढली. मोटार वाहन कायदा, १९८८ गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करू देत नाही, तेव्हा आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून ये, असे सुचवले. दादाने माझ्याकडे 'कॉलेजात हेच शिकवतात का' अशा नजरेने पाहिले.

खरी अडचण निराळीच होती. पावणेचारवाली डिस्क मागवायला तीन आठवडे लागणार होते आणि तेवढ्यात काजव्यांचे शनिवार निघून जाणार होते. दादाच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग याच दिवसांतला. त्याचे हप्ते आम्हांला ठाऊक होते. "मामा, पैसे तुम्ही भरणार का?" तो विचारून गेला. आबा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही थोडेच.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला: डिस्क मागवली आहे, तोवर जुन्याच टायरांवर फेऱ्या करतो. त्यातल्या दोन ठरलेल्या फेऱ्या दुसऱ्या, मोठ्या टायरांच्या जीपने नेल्या.

जूनच्या मध्यावर नवी चाके चढली. आबांनी टायरांच्या आतल्या बाजूला ओला चुना फासला, एका चाकाखाली दगड रचून ते उंच केले आणि दादाला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावले. उजवीकडे पाटे कोरडे राहिले. डावीकडे चुन्याची बोटभर रेघ उमटली. आबांनी स्टेअरिंग थांबवणारा बोल्ट थोडा बाहेर काढला. पुन्हा चुना, पुन्हा फेरा. या वेळी रेघ उमटली नाही. जीपला वळायला आता जरा जास्त जागा लागते, एवढेच.

दादा भर पावसात बारीच्या घाटाकडे निघाला. तीन इंचवाल्या डिस्कची जीप जास्त रुबाबदार दिसते, असे तो अजूनही म्हणतो.