सहलीचा दुसरा हिशेब

येत्या सप्टेंबरात बार्सिलोनास जाण्याचे आम्ही उभयतांनी योजिले आहे. एकाच मुक्कामात ऊन, समुद्र आणि गौदीच्या वास्तू पाहावयास मिळाव्यात, हा हेतू. केंद्रीय कर्मचाऱ्याची प्रवास सवलत देशाच्या सीमेपाशी संपते. परवानगीची गरज मात्र तेथूनच सुरू होते. शेंगेन व्हिसाचे 90 युरो शुल्क, किमान 30,000 युरोंचे विमासंरक्षण असा हिशेब मांडताना भाड्याची सदनिका हॉटेलहून बरीच स्वस्त पडते, असे दिसले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास अशा वेळी प्रश्न पडतो, की उरलेला खर्च कोण भरतो? 1992 च्या ऑलिम्पिकपूर्वी या शहराचा किनारा कारखाने व रेल्वेरुळांनी अडवलेला होता. सार्वजनिक पैशातून तो मोकळा झाला, वाळू आणून पुळणी घडविण्यात आल्या. त्या यशामागोमाग पर्यटक आले, सदनिका त्यांच्याकडे वळल्या, रहिवाशांची भाडी वाढली. जून 2024 मध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी सुमारे 10,000 पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपविण्याचे जाहीर केले. जुलैत निदर्शकांनी पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडविले.

केवळ बंदीने भाडी उतरतीलच असे नाही. घरांचा पुरवठाही वाढावा लागतो. तथापि धोरण अमलात येईपर्यंत आपण थांबावे, असेही नाही. आम्ही हॉटेलात उतरणार आहोत; त्यासाठी सात रात्रींच्या पाच केल्या. परमुलखात भाड्याच्या घरांत वर्षे काढलेल्या मराठी वाचकांस या वजाबाकीचे कारण समजावून सांगणे नलगे.