आमची थंडीची पत्रे

दुसरीत आमच्या वर्गाच्या पटावर २१ मुले होती. आता चौथीत १८ आहेत. वजाबाकी केली की ३ उरतात. ती तीन मुले कुठे गेली ते मी सांगते.

एकीच्या बाबांना निफाडजवळ नोकरी लागली. एकाच्या आजोबांची देवगडला आंब्याची बाग आहे. आजोबा म्हातारे झाले, बाग बघायला कोणी नव्हते, म्हणून सगळे घर तिकडे गेले. तिसरी मुलगी जव्हारकडची. तिचे आईबाबा दिवाळीनंतर आमच्या बाजूला वीटभट्टीवर कामाला येत आणि पावसाच्या आधी गावी परत जात. ती दोन हिवाळे आमच्या वर्गात होती. माझ्याच बस्करावर माझ्याशेजारी बसायची. यंदा ती आली नाही.

तिघांची नावे माझ्या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण आम्ही आता त्यांना निफाडकर, देवगडकर आणि जव्हारकर म्हणतो. ऐकायला मोठ्या माणसांसारखे वाटते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर बाई म्हणाल्या, "दुसऱ्या गावी गेला म्हणून कोणी वर्गमित्र नाहीसा होत नाही. आपण त्यांना पत्र पाठवू." आम्ही विचारले, "बाई, पत्रात काय लिहायचे?" बाई म्हणाल्या, "थंडी कशी आहे ते विचारा. थंडी सगळीकडे पडते, पण सगळीकडे सारखी पडत नाही."

एक मुलगा म्हणाला, "बाई, फोनच करू ना! पटकन होईल." बाईंनी फोनपण केला. पण फोनवर सगळे एकदम ओरडले, कोणाला काही ऐकू आले नाही आणि बोलणे संपले. कार्ड मात्र भिंतीवर लावता येते. कोणीही केव्हाही वाचू शकते. म्हणून आम्ही पोस्टातून ५० पैशांची कार्डे आणली. कार्डावर जागा थोडी असते, म्हणून चारच प्रश्न ठरवले.

१. सकाळी थंडी किती असते?
२. थंडीत अंगावर काय घेता?
३. शेतात काय चालले आहे?
४. कुठे जाऊन आलात?

वर "सप्रेम नमस्कार, वि. वि." असे लिहिले. वि. वि. म्हणजे विनंती विशेष. हे मला आजीने सांगितले. आधी मला वाटायचे की ते कोणाचे तरी नाव आहे.

आधी आम्ही आमची थंडी लिहिली. आमचे गाव वसई तालुक्यात पूर्वेला आहे. समुद्र तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे. संध्याकाळी सूर्य त्या डोंगरामागे लवकर जातो आणि लगेच गार व्हायला लागते. सकाळी तानसा नदीवर धुके असते. पलीकडच्या काठावरचा माणूस दिसत नाही, नुसता खोकला ऐकू येतो. बाईंनी शाळेच्या ओट्यावर तापमापक लावला आहे. एका सकाळी त्यात १४ अंश दिसले. त्या दिवशी आम्ही सगळे उन्हात बसून पाढे म्हटले. घरी आजी वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी घालून उकडहंडी करते. ती थंडीतच चांगली लागते.

चौथ्या प्रश्नाला मी लिहिले की आम्ही वज्रेश्वरीला जाऊन आलो. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेण्यासाठी देवीला नवस केला होता असे सांगतात. किल्ला १७३९ साली घेतला. तिथे जवळच तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. बाहेर थंडी आणि पाणी एवढे कढत की आधी पाय घालायला भीती वाटते. हे पाणी कोणी तापवत नाही, ते जमिनीच्या पोटातून तापून वर येते.

निफाडकरचे उत्तर सगळ्यात आधी आले. तिने लिहिले, "तुमच्या १४ अंशांना इथे कोणी थंडी म्हणणार नाही. इथे पहाटे बादलीत हात घातला की बोटे दुखतात. मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालते. आमच्याजवळ कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे. तिथे रोज थंडी मोजतात आणि ती पेपरात छापून येते." कधी कधी निफाडला पारा ५ अंशांच्याही खाली जातो. तिने पुढे लिहिले की थंडीने गहू खूश आणि द्राक्षे नाखूश. फार थंडी पडली तर द्राक्षाचे मणी फुगत नाहीत आणि पिकत आलेले मणी तडकतात. म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि झाडांना पाणी सोडतात. आपण आपल्याला शेक घेतो, ते द्राक्षांना शेक देतात. हे वाचून सगळा वर्ग हसला.

दिवाळीला ती इकडे आजीकडे आली होती. परत जातानाचा प्रवासही तिने लिहिला. कसाऱ्याला गाडीला मागून आणखी इंजिने लावली, कारण पुढे थळ घाटाचा चढ आहे. गाडी बोगद्यांतून वर चढली आणि इगतपुरी आली. डब्याचे दार उघडले तसा गार वारा आत शिरला. तिच्या आईने लगेच पिशवीतून शाल काढली. ती लिहिते, "घाटाच्या खाली हिवाळा नव्हता, वर होता."

आम्ही बाईंना विचारले की असे का होते. बाईंनी नकाशा काढला. नाशिक समुद्रापासून लांब आहे आणि सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. जसजसे वर जावे तसतशी हवा गार होते. दर एक किलोमीटरला साधारण ६ अंश कमी होतात. आपण समुद्राजवळ आहोत. समुद्राचे पाणी हळूहळू तापते आणि हळूहळू निवते, म्हणून किनाऱ्यावर फार थंडी पडत नाही. तरी मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश होते. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "तेव्हा मी तुझ्याएवढीसुद्धा नव्हते गं."

देवगडकरचे अक्षर पूर्वी कोंबडीच्या पायासारखे होते. आता बरे झाले आहे. त्याने लिहिले, "इथे थंडी थोडीच पडते, पण सगळे तिची वाट बघतात. थंडी पडली की आंब्याला मोहोर येतो. आजोबा सकाळी उठून आधी कलमांकडे बघतात, मग चहा पितात. ढग आले की ते कोणाशी बोलत नाहीत, कारण ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे पडतात." शेवटी लिहिले, "थंडी पडली तर मोहोर, मोहोर टिकला तर आंबा आणि आंबा विकला तर माझी सायकल." म्हणून आम्ही वर्गात ठरवले की देवगडला थंडी पडू दे असे रोज म्हणायचे. पण निफाडला जास्त नको!

तो गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघत बसला होता. अंगावर आजीची गोधडी होती. पहाटे ती दवाने ओली झाली. तो जून महिन्यात इकडे येणार आहे. पूर्वी त्यांना गाडी धरायला लांब जावे लागायचे. २०२४ पासून वांद्र्याहून मडगावला जाणारी गाडी वसई रोडला थांबते. कणकवलीला बसले की वसईला उतरता येते.

दोन कार्डे भिंतीवर लागली. तिसरी जागा रिकामी होती.

जव्हारकरला आम्ही तिच्या गावच्या शाळेच्या पत्त्यावर कार्ड पाठवले होते. जव्हार आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे, पण उंचावर आहे, सुमारे ४५० मीटर. ती म्हणायची, "आमच्याकडे तुमच्यापेक्षा जाम थंडी." नागली, वरई झोडून झाली की तिकडे काम राहत नाही. म्हणून कितीतरी घरची माणसे मुलाबाळांना घेऊन भट्टीवर येतात. महिना झाला तरी तिचे उत्तर आले नाही. मी रोज बाईंना विचारायची. मग बाईंनी तिच्या गावच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले की तिचे घर यंदा भिवंडीच्या बाजूला भट्टीवर गेले आहे. गावातले एक काका त्याच भट्टीवर निघाले होते. सरांनी त्यांच्या हाती आमचे कार्ड दिले आणि बरोबर एक कोरे कार्डसुद्धा दिले.

डिसेंबरच्या शेवटी ते कोरे कार्ड भरून आमच्या शाळेत आले. कडेला तिने वारली चित्रासारखी माणसे काढली आहेत. सगळी हात धरून गोल नाचत आहेत. ती आम्ही आहोत असे मला वाटते.

तिने चारही उत्तरे लिहिली आहेत. "१. थंडी पुष्कळ. आईबाबा रात्री दोनला उठतात, चिखल बर्फासारखा असतो. २. आईची साडी दुहेरी करून घेतो. भट्टी पेटली की ऊब लागते. ३. आमचे शेत आता विटांचे. ऊन पाहिजे, पाऊस नको. ४. गावाहून टेम्पोत आलो. खूप वारा लागला. भाऊ माझ्या मांडीवर झोपला." खाली थोडी जागा उरली होती. तिथे न विचारलेले पाचवे उत्तर होते. "शाळा लांब आहे. मी भावाला सांभाळते."

ऊन पाहिजे असे तिने का लिहिले ते आमच्या बाजूच्या मुलांना सांगायला नको. कच्च्या विटा उन्हात वाळवाव्या लागतात. पाऊस आला तर त्यांचा पुन्हा चिखल होतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला होता. तेव्हा भट्टीवाल्यांच्या कितीतरी कच्च्या विटा गेल्या असे बाबा सांगतात. म्हणजे द्राक्षांना ऊब पाहिजे, आंब्याला थंडी पाहिजे आणि विटांना कोरडे ऊन पाहिजे. हिवाळा एकच आहे, पण माझ्या तीन मित्रमैत्रिणी त्याच्याकडे तीन गोष्टी मागतात.

कार्डावर पत्त्याच्या जागी तिने नुसते "भट्टीवर" असे लिहिले होते. निफाडला घर क्रमांक आहे. देवगडला आजोबांचे नाव पुरते. भट्टीवरच्या खोपटाला पत्ताच नाही, मग आम्ही उत्तर कुठे पाठवायचे?

मी बाबांबरोबर अर्नाळ्याला मासळी आणायला गेले होते तेव्हा किनाऱ्यावर पांढरे कुरव पक्षी पाहिले. त्यांतले काही हिवाळ्यात लडाखसारख्या लांबच्या थंड प्रदेशातून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांनाही पत्ता नसतो. पण त्यांना चौथीची परीक्षा द्यायची नसते.

बाईंनी तिचे कार्ड दोनदा वाचले आणि पुन्हा सरांना फोन केला. सरांनी त्या काकांना विचारून भट्टीजवळच्या गावाचे नाव काढले. मग बाईंनी तिथल्या शाळेत फोन केला. गाव सोडताना सरांनी तिला शिक्षण हमी कार्ड दिले होते. ते दाखवले की दुसऱ्या गावच्या शाळेत लगेच बसता येते. बाईंनी आम्हाला सांगितले की २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येच आला म्हणून किंवा दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही.

संक्रांतीनंतर दुसरे कार्ड आले. त्यात तीनच ओळी होत्या. "मी शाळेत जाते. भावाला बरोबर नेते, तो माझ्याजवळ बसून खडूने रेघोट्या ओढतो. शिमग्याला गावी जाऊ, मग कुठे ते बाबांनाही ठाऊक नाही." आणि पत्त्याच्या जागी लिहिले होते, "द्वारा मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा". मला फार आनंद झाला. घर बदलले तरी शाळा हा पत्ता होऊ शकतो हे मला आधी माहीत नव्हते. मी लगेच तिला कार्ड लिहिले आणि संक्रांतीचा तिळगूळ कार्डात घालता येत नाही म्हणून त्याचे चित्र काढले.

२६ जानेवारीला पालक झेंडावंदनाला येतील आणि ही भिंत वाचतील. त्यांना माझी विनंती आहे. तुम्ही कामाला जाता-येता भट्टीवर आमच्याएवढी मुले दिसतील. त्यांना विचारा की तुम्ही कितवीत आहात. ती कुठल्याच शाळेत जात नसतील तर आमच्या बाईंना येऊन सांगा. त्यांच्याकडे कागद नसले तरी चालेल.

आणि वर्गातल्या मुलांनो, जव्हारकर शिमग्याला गावी जाणार आहे. तिच्या गावच्या शाळेचा पत्ता बाईंच्या टेबलावर आहे. त्याच्या आधी प्रत्येकाने तिला एक तरी कार्ड लिहा. थंडी संपलेली असेल, म्हणून पहिला प्रश्न बदलून "ऊन कसे आहे?" असा विचारा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी