कळंब्याची गोड तार

आमच्या टीममधला एकजण अ‍ॅमस्टरडॅमचं ऑनसाइट उरकून आला आणि माझ्या डेस्कवर एक पाकीट टाकून गेला. आत बुटाच्या नाड्यांसारख्या काळ्याकुट्ट दोऱ्या! लिकरिश. एक तोंडात टाकली आणि थेट आजीचा खोकल्याचा काढा आठवला. आठवणारच हो, लिकरिश म्हणजे आपलं ज्येष्ठमध. युरोपातही ते शतकानुशतकं औषधच होतं. इंग्लंडमधल्या पाँटिफ्रॅक्ट गावी १७६० मध्ये जॉर्ज डनहिल या औषधवाल्यानं त्यात साखर घातली आणि त्याची गोळी झाली, असं सांगतात. डच मंडळी तर काही प्रकारांत चक्क नवसागर घालतात! (कल्हईवाला आठवला ना?) अमेरिकेतल्या लाल स्ट्रॉबेरी ट्विझलर्समध्ये ज्येष्ठमधाचा पत्ताच नाही. उरली फक्त दोरी. पण खरी गंमत त्या दोरीतच आहे. पाच मिनिटांत आमच्या क्यूबिकलमध्ये कुणाला मिशा फुटल्या, कुणाच्या मनगटाला राखी आली.

मला मात्र कळंबा आठवला.

कोल्हापूरकरासमोर ‘वीकेंडला कळंब्याला चाललोय’ म्हणायची सोय नाही. ‘किती वर्षांसाठी?’ असं विचारतात, कारण मध्यवर्ती कारागृह तिथंच. पण माझा कळंबा म्हणजे गारगोटी रस्ता, संस्थानकाळातला तलाव आणि त्याच्या पुढं, उसातून आत गेल्यावर लागणारं मामांचं गुऱ्हाळ.

या जानेवारीत सहा वर्षांच्या भाचीला घेऊन गेलो. मोठ्या काहिलीत रस उकळत होता. त्यात भेंडीचा चिकट रस पडला की मळी वर येते, ती काढत राहायची. पुढं काकवी, आणि पारा ११८ च्या आसपास पोचला की गूळ. अर्थात पारा आपल्यासाठी. मामांकडे थर्मामीटर नाही. ते बुडबुडे बघतात, आवाज ऐकतात, चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतात. अर्धा मिनिट इकडंतिकडं झालं की अख्खं आदण बिघडतं.

आणि त्याच्या जरा आधीचा तो क्षण! मामांनी उसाचं कांडं काहिलीत बुडवलं, पाण्यातून काढलं आणि भाचीच्या हातात दिलं.

“ओढ की गं!”

तिनं ओढलं. सोनेरी तार लांबत गेली. दुमडून पुन्हा ओढली की आत हवा शिरते आणि रंग फिका पडत जातो. आम्ही भावंडं कुणाची तार जास्त लांब जाते यावर पैज लावायचो. भाचीनं तिची अंगठी केली, मग ती अंगठी खाल्ली, मग दुसरी मागितली. टीव्हीची आठवण तिला दिवसभर झाली नाही.

मी खिशातली लिकरिश मामांना दिली. त्यांनी चावून बघितली.

“औषध हाय की रं हे!” आणि थुंकले.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पाकिटावर छापायला छानच. पण ऊस थेट कारखान्याला घालणं सोपं पडतं, चुलाणासमोर बसायला माणूस मिळत नाही आणि शेजारच्या शेताचे प्लॉट पडलेत. मामांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. मीही तिथंच. काहिलीतला आवाज ओळखायला आम्ही दोघंही शिकलो नाही, आणि मामांनीही कधी ‘शीक’ म्हटलं नाही. उलट शाळा चुकवून आलो तर हाकलून द्यायचे.

“मामा, पुढल्या साली कधी येऊ?”

“फोन कर. चूल पेटली तर सांगतो.”

खरं तर दरवर्षी ते तारीख सांगतात.

निघताना डबाभर तारा बांधून दिल्या. सोमवारी ऑफिसात झाकण उघडलं तर सगळ्या एकमेकींना चिकटून एकच गोळा झालेला. पंचिंग मशिननं फोडून खाल्ला. अ‍ॅमस्टरडॅमवाल्यानं दोनदा मागून घेतला.