सरहद्दीच्या अलीकडची कृष्णा

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणाऱ्या पाण्यात कृष्णा कुठली नि सावित्री कुठली, हे कुणी सांगावं? पुढे मात्र सावित्री सरळ कोकणात उडी घेते आणि कृष्णा समुद्राकडे पाठ फिरवते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ६५ किलोमीटर. पण ही निघते सुमारे १४०० किलोमीटरवरच्या बंगालच्या उपसागराला!

वाईत ती घरचीच. कृष्णाबाईचा उत्सव तिथे एकेका घाटावर पाळीनं होतो. माहुलीला वेण्णा येऊन मिळते. कराडला कोयना तर थेट समोरून येऊन भिडते, म्हणून तो प्रीतिसंगम. गंमत अशी, की कोयनेचं बरंच पाणी धरणातून बोगद्यानं पोफळीला उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. थोरलीनं टाळलेलं सासर धाकटीनं पत्करलं म्हणायचं.

सांगलीत मात्र नदी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. पावसाळ्यात कुणी कुणाची खुशाली विचारत नाही, "आयर्विनला किती?" एवढंच. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा नावाची नदी मिळते. तिघींना एकदम पूर आला की पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मग सगळ्यांची बोटं कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाकडे. त्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं धरणाच्या फुगवट्याला दोषी धरलं नाही, पण पाणी उंबऱ्याला लागलेल्या माणसाला अहवाल पटत नाही. मला विचाराल तर पूररेषेत उभे राहिलेले आपले बंगलेही जरा मोजावेत.

राजापूरच्या बंधाऱ्यापुढे कर्नाटक. ही हद्द १९५६ ची, म्हणजे १९२९ च्या आयर्विन पुलापेक्षाही लहान. त्याआधी बेळगावही मुंबई राज्यातच होतं. संस्थानांच्या काळात तर नदीकाठच्या सीमा वेगळ्याच होत्या: सातारा इंग्रजांचा, सांगली-मिरज पटवर्धनांचं. त्या पुसल्या गेल्या, त्यांच्यासाठी कुणी भांडत नाही.

आताच्या हद्दीवर भांडण आहे ते आकड्यांचं. कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० मध्ये आलमट्टीला ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवायची मुभा दिली, तेव्हापासून सांगलीकरांना मीटरही पाठ झाले. ऑगस्टात इकडून फोन जातात, विसर्ग वाढवा म्हणून. एप्रिल-मेमध्ये तिकडून निरोप येतात, कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून.